पंचविसाव्या तासाची मालिका

काही महिन्यांपूर्वी एका चर्चासत्रात आम्ही एका जपानी दूरचित्रवाणी मालिकेचे नाव उच्चारले आणि सभागृहात हशा पिकला. मालिकेचे नाव 'गारो'. हशा ओसरल्यावर अध्यक्षस्थानी असलेल्या ज्येष्ठ समीक्षकांनी मोठ्या प्रेमाने आमची पाठराखण केली, आणि खरे सांगायचे तर हशापेक्षा ती पाठराखणच आम्हाला अधिक झोंबली. ते म्हणाले, अशा मालिकांकडे तुच्छतेने पाहू नये. सोनेरी चिलखत, राक्षस वगैरे सगळे वरवरचे असते, आत डोकावले तर महानगरी माणसाच्या एकाकीपणाचे रूपक सापडते. टाळ्या पडल्या. आम्ही मान खाली घालून बसलो. त्या वेळी जे उत्तर सुचले नाही ते आता लिहीत आहोत.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही (आणि आमच्या वाचकांत असेच बहुसंख्य असणार) त्यांच्यासाठी थोडी माहिती आवश्यक आहे. 'गारो' टीव्ही टोकियो या वाहिनीवर ७ ऑक्टोबर २००५ ते ३१ मार्च २००६ या काळात दाखवली गेली. एकूण भाग २५. कर्ता केइता आमेमिया. कलाशाळेत शिकलेला, मूळचा आरेखक, 'मिराई निंजा' (१९८८) आणि 'झेइराम' (१९९१) या चित्रपटांमुळे जाणकारांना ठाऊक असलेला. कथेचा नायक कोगा साएजिमा हा पांढरा लांब कोट घालणारा, फारसा न बोलणारा आणि पहिल्या काही भागांत बराचसा उर्मट वाटणारा तरुण. त्याचे काम एकच. मानवी जगातल्या एखाद्या वस्तूत माणसांचे पाप साचत गेले की ती वस्तू दार बनते, त्या दारातून 'हॉरर' नावाची सत्त्वे येतात आणि ज्याच्या मनात अंधार असेल अशा माणसाचा देह बळकावतात. कोगाने त्यांना शोधायचे आणि मारायचे. हे करताना तो सोनेरी लांडग्याचे चिलखत चढवतो. त्या चिलखताचे नाव गारो.

येवढ्यावर वाचकांच्या ओठांवर स्मित उमटले असेल तर ते आम्हाला अपेक्षितच आहे. मुखवटा, चिलखत आणि राक्षस यांची मालिका म्हणजे मुलांची करमणूक, हे समीकरण आपल्याकडेच नव्हे तर जपानातही रूढ होते आणि त्याला सबळ कारण होते. या प्रकाराला तिकडे 'तोकुसात्सु' म्हणतात. त्यातल्या नामांकित मालिका रविवारी सकाळी लागत. 'गारो' सुरू झाली त्या वर्षी रविवारी सकाळी साडेसातला रंगीबेरंगी वीरांचे पथक येई आणि आठ वाजता 'कामेन रायडर हिबिकी'. रविवार सकाळ हा खेळण्यांच्या दुकानाचा दर्शनी भाग आहे. नायकाला दर काही आठवड्यांनी नवे शस्त्र, नवे वाहन, नवे रूप मिळते. कथेला त्याची गरज असते म्हणून ते मिळत नाही, दुकानात ते मांडायचे असते म्हणून मिळते. आम्ही या मालिकांचा द्वेष करत नाही. त्यांत उत्तम लेखन झालेले आहे. परंतु जिथे काहीही गमावल्याविना नवी शक्ती हाती येते तिथे शक्तीला वजन राहत नाही, हे मान्य करावे लागेल.

'गारो' शुक्रवारी रात्री २५ वाजून ३० मिनिटांनी लागत असे. ही मुद्रणाची चूक नाही. जपानी वाहिन्यांच्या वेळापत्रकात दिवस मध्यरात्री संपत नाही. रात्रीच्या एकला ते पंचवीस म्हणतात, दोनला सव्वीस. आपल्या घड्याळाप्रमाणे शनिवार लागून दीड तास झालेला असे, पण प्रेक्षकाच्या लेखी शुक्रवार अजून सरलेला नसे. पंचांगात नसलेला हा तास. मुले झोपलेली, जाहिरातदारांना फारशी आस्था नाही, आणि म्हणून दिग्दर्शकाला रक्त, वासना, कुजणे, खाणे, यांकडे सरळ पाहण्याची मुभा. बीभत्स आणि भयानक या दोन रसांना सकाळच्या वेळी जागा नव्हती; त्यांना घेऊन आमेमिया रात्रीत शिरला.

आम्ही ही मालिका पाहिली ती २००७ च्या उन्हाळ्यात, वसतिगृहात, एका मित्राच्या संगणकावर. दिवसाचे कित्येक तास भारनियमन असे. वीज यायची ती जेवणानंतर, आणि मग बाराच्या पुढे आम्ही तिघे-चौघे एका खाटेवर दाटीवाटीने बसून एकेक भाग पाहत असू. कुणा अनामिक भक्तांनी इंग्रजी भाषांतराच्या ओळी चित्राखाली डकवलेल्या असत आणि मध्येच एखाद्या शब्दावर टीपही दिलेली असे, जणू पाठभेद नोंदवणारी संशोधित आवृत्तीच. सकाळी नऊला भाषाविज्ञानाचा तास. त्या तासाला आम्ही कोणत्या अवस्थेत बसत असू हे आमच्या अध्यापकांना आज तरी सांगायला हरकत नाही. नकळत का होईना, आम्हीही ती पंचविसाव्या तासालाच पाहत होतो.

आता मुद्द्याकडे वळू. अद्भुतावर आपल्याकडे घेतला जाणारा जुना आक्षेप पलायनाचा आहे: वास्तव अवघड, म्हणून कल्पनेच्या राज्यात पळ काढायचा, तिथे नियम नाहीत, तिथे सारे शक्य. 'गारो'चा एक भाग पाहिलेल्या माणसाला हे विधान हास्यास्पद वाटेल. कारण कोगाच्या जगात वास्तवापेक्षा नियम अधिक आहेत, आणि एकही फुकट नाही.

चिलखत मानवी जगात फक्त ९९.९ सेकंद अंगावर ठेवता येते. त्याहून एक क्षण अधिक झाला की चिलखतच आतल्या माणसाला गिळू लागते. राक्षस मारला की त्याचा दोष तलवारीत उतरतो. ती तलवार चौकीवर नेऊन शुद्ध करून घ्यावी लागते. त्या चौकीचे जपानी नाव शब्दशः 'राखणीच्या कुत्र्याची चौकी' असे आहे आणि तिथे कारभार पाहतात तीन लहान मुली. कामाचा हुकूम लाल पाकिटातून येतो. पाकीट मंतरलेल्या ज्योतीवर जाळले की अक्षरे हवेत उमटतात. तलवार माणसावर उगारायची नाही, मग तो माणूस कितीही नीच असो. कोगाच्या बोटात झारुबा नावाची कवटीच्या आकाराची बोलकी अंगठी आहे. ती हॉररचा माग काढते, टोमणे मारते, कथेत विनोदाची जागा बहुतेक तीच सांभाळते. (तिला आवाज दिला आहे हिरोनोबु कागेयामा या गायकाने.) पण अंगठीही करारावर आहे. दर महिन्याच्या अमावास्येला ती कोगाच्या आयुष्यातला एक दिवस खाते आणि तो दिवस तो मृतवत पडून राहतो. म्हणजे महिन्याकाठी एक दिवस वजा. वर्षाचे बारा. हा माणूस कुठे पळाला आहे? त्याला तर रजाही नाही. जी आहे ती आयुष्यातून कापून घेतलेली आहे.

९९.९ या आकड्यापाशी थोडे थांबणे अगत्याचे वाटते. शंभर सेकंद म्हटले असते तर कथेत काय बिघडले असते? काहीच नाही. परंतु शंभर हा गोष्टीतला आकडा आहे आणि ९९.९ हा मोजलेला. कुणीतरी कधीतरी ते मोजले असणार, त्या दशांशाच्या पलीकडे गेलेला कुणीतरी परत आला नसणार, असे तो आकडा ऐकताक्षणी वाटते. शतकांचा इतिहास एका दशांश चिन्हात मावतो. आणि पुढे कळते की खरोखरच तसे झाले होते. कथेचा खलनायक बारागो हा कोगाच्या वडिलांचा शिष्य. शक्तीच्या हव्यासाने मर्यादा ओलांडलेला आणि स्वतःच्याच चिलखताने गिळलेला. खलनायक आणि नायक यांच्यात वंशाचे, धर्माचे अंतर नाही, एक दशांश सेकंदाचे आहे.

दुसरा आकडा शंभर दिवसांचा. पहिल्याच भागात काओरु मित्सुकी ही चित्रकार तरुणी, पोटासाठी पडेल ते किरकोळ काम करणारी, पहिल्या प्रदर्शनाच्या आशेने एका कलादालनात जाते. कलादालनाचा मालक हॉररच्या कह्यात गेलेला आहे. झटापटीत त्या सत्त्वाचे रक्त काओरुच्या अंगावर उडते. ज्याच्यावर ते रक्त उडाले तो शंभराव्या दिवशी मरतो, आणि फार वाईट तऱ्हेने मरतो. म्हणून संहिता सांगते की अशा माणसाला तत्काळ ठार करावे. या ठिकाणी सामान्य लेखक काय करील? कायदा क्रूर ठरवील आणि नायक दयाळू. 'गारो'मध्ये कायदाच दयाळू आहे. शंभराव्या दिवसाच्या यातनेपेक्षा आजचा एक घाव बरा, हे त्या कायद्याचे कारण आहे आणि ते पोकळ नाही. कोगा तलवार उचलतो आणि थांबतो. मग स्वतःलाही पटेल असे कारण शोधतो: रक्ताचा वास असलेल्या माणसाकडे हॉरर ओढले जातात, तेव्हा हिला आमिष म्हणून जिवंत ठेवू. काओरुला यातले काही ठाऊक नाही. तिच्यासाठी हा एक उद्धट मनुष्य, जो सारखा आडवा येतो आणि कधी हसत नाही.

पुढचे कितीतरी भाग प्रेक्षक हे ओझे एकटा वाहतो. दर आठवड्याला नवी वस्तू, नवा राक्षस. भागांची नावेसुद्धा अशीच रोखठोक: पंचवीसच्या पंचवीस शीर्षके दोन-दोन चित्राक्षरांची. घड्याळ, मेजवानी, चांदणे, अंगठी, बाहुली, वचन. घरातल्या सामानाची यादी वाचावी तसे. आणि त्या प्रत्येक भागाच्या मागे दिवस कमी होत असतात. एकाला शंभराला दशांश कमी इतके सेकंद, दुसरीला शंभर दिवस. या दोन घड्याळांच्या मध्ये अख्खी मालिका उभी आहे. कोगा आमिषाची भाषा कधी सोडतो आणि विषावर उतारा ठरणारे फळ आणण्यासाठी जीव धोक्यात घालतो, हे आम्ही इथे सांगणार नाही. मात्र तो आपले मन कोणापाशी उघडत नाही येवढे सांगतो. पंचवीस भागांत त्याचे प्रेमाचे भाषण नाही. आपल्या कथालेखकांनी हा संयम अभ्यासावा, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही.

आता अध्यक्षमहोदयांच्या रूपकाचे पाहू. एकाकीपणाचे रूपक म्हटले की काय घडते? चिलखत हे 'खरे तर' भावनिक कवच होते, हॉरर 'खरे तर' उपभोगवाद, चौकी 'खरे तर' नोकरशाही. प्रत्येक 'खरे तर'बरोबर मालिकेतली एकेक वस्तू उचलून बाजूला ठेवली जाते आणि शेवटी हाती राहते ते समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातले एक वाक्य, जे मालिकेशिवायही आपल्यापाशी होतेच. मग रात्र जागवून पंचवीस भाग कशासाठी पाहायचे? ज्या वाचनाच्या शेवटी मूळ कृतीची गरज उरत नाही त्या वाचनाला आम्ही आदर म्हणायला तयार नाही. हशा निदान प्रामाणिक असतो. त्याला अद्भुत नको आहे आणि तो तसे सांगतो. रूपकवाद्याला ते नकोच असते, पण तो ते सोवळे नेसवून घरात घेतो.

ही सवय आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातच मुरलेली आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली आली आणि तिच्यामागून अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा एक काळच सुरू झाला. आज पदव्युत्तर अभ्यासक्रमात त्या कादंबऱ्यांना अर्धा तास मिळतो, तोही हरिभाऊ आपट्यांच्या आगमनापूर्वीचा अंधार म्हणून. हरिभाऊंचे मोठेपण आम्हाला शिरसावंद्य आहे. परंतु त्यांच्यामुळे कादंबरीला वास्तवाची जी फूटपट्टी मिळाली, तिने पुढे आम्ही सगळेच मोजू लागलो, आणि जे तिने मोजता येईना ते रूपक म्हणून वाकवून तिच्यावर बसवू लागलो. जी. ए. कुलकर्णी आपल्या वर्गांत सन्मानाने शिकवले जातात, ते मुख्यतः दृष्टान्तकथेच्या दारातून. नारायण धारप यांना ते दार उघडले नाही. त्यांचा 'समर्थ' अघोरी शक्तींशी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांसमोर झुंजत राहिला आणि विद्यापीठांच्या कुंपणाबाहेरच राहिला. वसतिगृहातल्या त्या खाटेवर आमच्यातल्या दोघांनी 'गारो' लगेच ओळखली ती धारपांमुळे. वाईट शक्तीशी लढायचे तर पद्धत पाळावी लागते, किंमत मोजावी लागते, हे त्यांना मराठीतूनच आधी कळलेले होते.

आणि आपल्याकडे तर याहून जुना, फार मोठा आधार आहे. नाट्यशास्त्रातल्या आठ रसांत अद्भुत आहे, विस्मय हा त्याचा स्थायी भाव आहे. त्या विस्मयाचे रूपांतर कशात तरी करा, मगच तो ग्राह्य होईल, अशी अट भरताने घातलेली नाही. अद्भुताला शांत किंवा करुण यांची दासी होण्याची गरज का भासावी, हे आम्हाला शिकवणाऱ्यांनीच एकदा सांगावे.

'गारो' निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. २००५ सालचे संगणकीय चित्रण आज बघवत नाही; सोनेरी योद्धा घोड्यावर बसून दौडू लागला की एखादा जुना व्हिडिओ गेम समोर आल्यासारखे वाटते. चिलखताआधीची, कोट फडकवीत केलेली हातघाई मात्र आजही ताजी आहे. तिचे श्रेय मारामारीचे संयोजक माकोतो योकोयामा यांना. रात्रीच्या वेळेने दिलेल्या मुभेचा दुरुपयोगही झाला. काही भागांत स्त्रीदेह निव्वळ प्रेक्षक धरून ठेवण्यासाठी उघडा केला आहे. तिथे बीभत्स रस नाही, सवंगपणा आहे, आणि खुद्द वसतिगृहात ज्या क्षणी शिट्ट्या वाजत त्या क्षणी मालिकाही तितकीच पोरकट झालेली असे. हे झाकून केलेली स्तुती आम्हाला नको.

दुसरी एक मंडळी आहे, आमच्याच गोटातली. त्यांच्या मते पहिली 'गारो' तेवढी खरी, पुढचे सारे पतन. २००६ च्या डिसेंबरात विशेष भाग आले, २०१० मध्ये 'रेड रेक्विएम' हा चित्रपट, २०११ मध्ये कोगाचीच दुसरी मालिका, मग नवे नायक, २०१४ पासून सचेतपटही. मधल्या काळात, २००८ मध्ये, 'गारो'वर बेतलेले पाचिंकोचे यंत्र जपानी जुगारघरांत आले आणि अफाट चालले. खेळण्यांच्या दुकानातून सुटलेला योद्धा जुगाराच्या यंत्रात अडकला, असे म्हणून आमचे हे मित्र उसासे टाकतात. उसासा समजण्यासारखा आहे. पण ज्या मालिकेने पहिल्या भागापासून शिकवले की प्रत्येक शक्तीमागे कुठेतरी नोंदलेले कर्ज असते, तिच्या भक्तांनी तरी पैशाच्या हिशेबावर येवढे आश्चर्य करू नये. शिवाय २०११ च्या मालिकेत काही भाग असे आहेत की ज्यांच्यापुढे २००५ मधले कैक भाग फिके पडतील. आमचे प्रेम पहिल्या मालिकेवर आहे ते तिच्या दर्जामुळे आणि काही अंशी त्या खाटेमुळे. दोहोंची सरमिसळ झाली आहे हे आम्ही जाणतो. ती वेगळी करून दाखवा असे कुणी म्हटले तर आम्हाला जमणार नाही. स्वतःच्या आवडत्या कादंबरीच्या बाबतीत ते जमले आहे असा समीक्षकही आमच्या पाहण्यात नाही.

राहता राहिले चित्रांचे पुस्तक. पहिल्या भागाचे नावच ते आहे. काओरुच्या वडिलांनी, जे स्वतः चित्रकार होते, एका सोनेरी योद्ध्याची गोष्ट चितारलेली असते आणि तिचे शेवटचे पान कोरे सोडलेले असते. लहानपणापासून तिला पडलेला प्रश्न हा की त्या पानावर काय असायला हवे होते. पंचविसाव्या भागात, सारे युद्ध आटोपल्यावर, ती चित्रकला शिकण्यासाठी इटलीला निघते आणि जाण्यापूर्वी ते पान स्वतः रंगवून कोगाला देते. कोगा पुस्तक उघडतो. पाहतो. पंचवीस भाग न हललेला तो चेहरा हलतो आणि डोळ्यांतून पाणी येते. पान आपल्याला दिसत नाही.

नाटकाच्या शेवटी, निर्वहण संधीत, अद्भुत रस असावा असे नाट्यशास्त्र सांगते. वर्गात हे शिकवताना आम्ही दरवर्षी संस्कृत नाटकांतली ठरलेली उदाहरणे देतो; मनात मात्र तेच पान असते. राक्षस सगळे दाखवले, रक्त दाखवले, आणि कागदावरचे एक साधे चित्र तेवढे झाकून ठेवले. तिथे रूपक लावणाऱ्याने काय लावावे?

त्या रात्री आम्ही तो प्रसंग तीनदा मागे नेऊन पाहिला. कोगाच्या डोळ्यांतल्या प्रतिबिंबात काही दिसते का म्हणून चित्र मोठे करून पाहिले. एकाने तर पडदा तिरका धरला, जणू बाजूने डोकावले तर पान दिसेल. शेवटी पहाटे वीज गेली. अंधारात बराच वेळ कुणी उठले नाही. मग त्यांच्यातला एक म्हणाला की पानावर कोगा हसत असणार, दुसरा म्हणाला की छे, त्यात त्याचे वडील असणार, आणि भाषाविज्ञानाचा तास बुडाला.